पिठावरचं पाऊल

बाई, तुम्ही गेलात तरी आपल्या घरात अजून कोणी हॉलमधून सरळ चालत नाही. तुमचा गजू मोबाइलवर बोलत बोलत येतो, मधोमध आला की आपोआप भिंतीकडे सरकतो आणि वळसा घालून स्वयंपाकघरात जातो. त्याची बायको सविता, तिच्या हातात चहाचा ट्रे असतो, तीही तसंच करते. मांजर तर पहिल्यापासून तुमच्याच मागे फिरायचं, त्याचं सोडा. परवा गजूचा एक मित्र भेटायला आला. तो दारातून थेट सोफ्याकडे निघाला आणि आम्ही तिघंही एकदम "अहो" म्हणालो. बिचारा एक पाय उचलून तसाच उभा राहिला. आता त्याला काय सांगायचं? फरशी ओली आहे म्हटलं. फरशी ठणठणीत कोरडी होती.

आणि हो, कागदावर मी शाळेतलं बोलते, हसायचं नाही. तुमच्यासमोर मी जन्मात कधी 'मला' म्हटलं नाही, 'मले'च म्हटलं. पण अंगणवाडीत इतकी वर्षं पोरांपुढे बोलून लिहायचा हात तसाच वळला. तेव्हाही तुम्ही चिडवायच्याच, "मास्तरीण झाली वं तू, आता आमच्याशी पुस्तकावानी बोलशीन." घ्या, बोलते आहे पुस्तकावानी. थोरली जाऊ म्हणून तुम्हाला उलट बोलायची सोय नव्हती, ती आता झाली आहे.

सगळे म्हणतात की तुमचं विसरणं नव्या गावात आल्यावर सुरू झालं. जुनं गाव पूर्णेकाठचं, धरणात गेलं. नव्या गावात सरळ गल्ल्या, सारखे प्लॉट, सारखी घरं, एकाच रंगाची दारं. पहिल्या वर्षी कोण चुकलं नाही तिथं? मी स्वतः शेजारच्यांच्या ओसरीवर जाऊन "सविते, पाणी आण" म्हटलेलं आहे. सगळेच चुकत होते, म्हणून तुमचं चुकणं थांबलं नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्ही रुळलो. तुम्ही जुन्याच गावात राहिल्या.

उन्हावरून आपली रोजची भांडणं व्हायची, आठवतं? तुम्ही म्हणायच्या की या घरात सूर्य चुकीच्या बाजूनं निघतो. मी एकदा हट्टानं तुम्हाला हात धरून अंगणात नेलं, उगवता सूर्य दाखवला आणि म्हटलं, "पाहा, हे पूर्व हाये का नाई?" तुम्ही डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलंत. मग माझ्याकडे दया आल्यासारखं पाहून म्हणालात, "तुह्या इकडं तिकडून निघत असन." मी आत येऊन चहा टाकला.

खामगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोकं विसरतं तसे पुढे पायही विसरतात. कसं उभं राहायचं, कुठं वजन टाकायचं, कधी थांबायचं. औषधं द्या, पण सगळ्यांत आधी यांना पडू देऊ नका, म्हणाले. गजू मान हलवत होता. मी मात्र हे वाक्य आधी तुमच्याच तोंडून ऐकलं होतं.

आपल्या सासूबाई दारात पडल्या, खुबा मोडला आणि मग खाटेवरून उठल्याच नाहीत. तुम्ही त्यांना कुशीवर वळवायच्या, पाठीच्या जखमा धुवायच्या, आणि त्या तुम्हालाच शिव्या द्यायच्या. एका दुपारी आपण दोघी आडावर त्यांची फडकी धूत होतो. वर न बघता तुम्ही म्हणालात, "सुमे, मले पडू देऊ नोको वं. मेली त चालन. पन पडू देऊ नोको." मी मान हलवून "हाव" म्हटलं. एवढंच. पुढं तुम्ही ते विसरलात, मग मला विसरलात, मग 'सुमन' हे नावही विसरलात. माझा 'हाव' मात्र माझ्याकडेच राहिला.

मग नांदुऱ्याहून रेणुका मॅडम यायला लागल्या. मॅडम कसल्या, पोरगीच ती. स्कुटीवर यायची, खांद्याला पिशवी, त्यात एक जाड फोमची गादी आणि कमरेला बांधायचा रुंद पट्टा. फिजिओथेरपिस्ट म्हणजे नक्की कोण, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटलं होतं मालिश करणार. ती म्हणाली, "काकू, आजीचा तोल आपल्याले परत बसवाचा आहे. पूर्ण नाई बसनार. पन जितका बसन तितका."

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आजी, उजवा पाय उचला." तुम्ही मागं वळून पाहिलंत, कोण आजी आली म्हणून. ती म्हणाली, "हात वर करा." तुम्ही हात पदराखाली घेतले. मला वाटलं, झालं, आता ही पोरगी काही परत येत नाही. पण चिवट निघाली. दुसऱ्या खेपेला तिनं गजूकडून वावरातली कापसाची बोंडं मागवली, दोरीला जागोजागी बांधली, दोरी खिडकीपासून दरवाजापर्यंत ताणली आणि तुमच्या कमरेला ओटी बांधली. तोंडातून एक शब्द काढला नाही. तुम्ही उठलात आणि वेचायला लागलात. एक बोंड डावीकडे उंच, एक उजवीकडे खाली. तुम्ही वाकत होता, हात लांबवत होता, वजन या पायावरून त्या पायावर घेत होता, दोन्ही हात मोकळे. रेणुका मागं पट्टा धरून उभी. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

मग तसंच चाललं. खुर्चीतून हात न टेकता उठणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढं दुसरं पाऊल ठेवणं, फोमवर उभं राहून माझ्या हातातून घडीचे कपडे घेणं. रेणुका मला शिकवून जायची आणि रोज सकाळी न्याहारीनंतर मी तुमच्याकडून करून घ्यायचे. दोन गोष्टी तिनं मला बजावल्या होत्या. एक, एका वेळी एकच गोष्ट सांगायची. आणि दुसरी, "काकू, आजीले नाई म्हनू नोका. त्यायले जे दिसते ते दिसते." पहिली मी पाळली. दुसरी मला जमली नाही, बाई. तुम्हाला माहीत आहे माझा स्वभाव.

कारण तोवर हॉलमधलं ते सुरू झालं होतं.

दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायचं, एवढाच व्यायाम. मी तुमच्या डाव्या बाजूला. तुम्ही छान चालायच्या, आणि हॉलच्या मध्याला आलं की थांबायच्या. नाक वर करून वास घ्यायच्या. मग तुमचा हात यायचा आणि माझ्या पदराचं टोक मुठीत धरायचा. साधं धरणं नाही ते. बोटं पांढरी पडायची. आणि मला ओढत, भिंतीकडेनं लांब वळसा घालून पलीकडे न्यायच्या. पलीकडे गेलं की मूठ सुटायची आणि तुम्ही पुन्हा माझ्याकडे अशा बघायच्या, जणू ही बाई कोण.

"काऊन हो बाई? सपाट फरशी हाये ना," मी म्हणायचे.

"पानी हाये," तुम्ही म्हणायच्या. "सरक इकडं."

"कुठी पानी? दाखवा मले."

तुम्ही दाखवायच्या नाहीत. त्या जागेकडे पाठ करायच्या.

रेणुका म्हणाली, पडायची भीती बसली की माणूस असं करतं. चकाकती फरशी कधी पाण्यासारखी दिसते, काळा पट्टा खड्ड्यासारखा दिसतो. आम्ही तिथं सतरंजी टाकली. तुम्ही सतरंजीलाही वळसा घातला. सतरंजी काढली, पडदे लावले, फरशीवरची चमक गेली. वळसा तोच. रेणुकाला वळशाची फिकीर नव्हती, तिला मुठीची होती. "काकू, आजीचा हात मोकळा पायजे. तुमाले धरून ओढतात ना, ते लय धोक्याचं हाये. तुमचा तोल गेला त दोघी पडसान." आणि खरंच, एकदा तुम्ही असा हिसका दिलात की आपण दोघी भिंतीवर आदळलो. जिनं तुम्हाला पडू द्यायचं नाही तिचाच पदर तुम्हाला पाडणार होता. मी पदर खोचून चालायला लागले. तुम्ही तो खोचलेला उपसून काढायच्या.

पेल्याचं सांगते. हे मी गजूलाही सांगितलेलं नाही. दुपार होती, सविता बाहेर वाळवण करत होती. तुमच्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला होता. त्या जागेच्या कडेला तुम्ही थांबलात, हात पुढे केलात आणि पेला सोडून दिलात. तो फरशीवर पडला, खणखण वाजला, गडगडत सोफ्याखाली गेला. मी पुसायचं फडकं घ्यायला वळले. पण तुम्ही जागच्या हलल्या नाहीत. डोकं तिरपं करून ऐकत राहिलात. पेला केव्हाच थांबला होता आणि तुम्ही अजून ऐकतच होतात. मग तुम्ही मान डोलावलीत, पडलं एकदाचं म्हणून, आणि म्हणालात, "पानी खाली गेलं वं यंदा." मीही तेवढाच वेळ श्वास धरून उभी होते, हे मला मागाहून कळलं.

आणि मग पिठाचा दिवस.

रेणुकाला तुमची पावलं बघायची होती. डावा पाय घासतो आहे की उचलतो आहे, पावलांत अंतर किती पडतं. तिनं रांगोळी मागितली, घरात चिमूटभरच होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात या शहाणीनं स्वयंपाकघरातला पिठाचा डबा घेतला, चाळणी घेतली आणि दारापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्या हॉलभर गव्हाचं पीठ पातळ चाळून ठेवलं. मी आत आले ती उंबऱ्यातच थांबले.

"हे काय केलं वं पोरी?"

"काकू, पाय उमटतेत ना पिठात. सोपं पडते."

"पाय उमटतेत हे मले नोको सांगू. हे मेल्या मानसासाठी करतेत. जित्या मानसासाठी नाई."

तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या घरी ती चाल उरलेली नाही. माणूस नेलं की त्याच्या जागेवर पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, वर टोपलं झाकायचं आणि स्मशानातून मंडळी परत आली की टोपलं उचलून बघायचं, कुठलं पाऊल उमटलं. पाखराचं, गाईचं की माणसाचं. त्यावरून पुढचा जन्म. हे सांगताना माझा आवाज चढला होता, आणि ती पोरगी पांढरीफटक पडून केरसुणी शोधत होती.

आणि तुम्ही उठलात. हात न टेकता. हे तुम्हाला जमावं म्हणून ती किती दिवस मागं लागली होती, आणि तुम्ही आपल्या सहज उठून उभ्या राहिलात. स्वच्छ आवाजात म्हणालात, "राहू दे वं सुमे. आता उमटते त पाहून घ्या. मंग नाई उमटनार."

सुमे म्हणालात, बाई. किती दिवसांनी. मला त्याचा आनंद घ्यायलाही सुचलं नाही.

तुम्ही चालायला लागलात. तुम्हाला एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून मीही पिठावर उतरले. दारापासून निघालो, मध्याला आलो, तुमचा हात आला, पदर धरला, वळसा. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन दुसऱ्या अंगानं परत आलो, तेव्हाही तसंच. तुम्ही खुर्चीत बसलात आणि आम्ही तिघी बघत राहिलो. रेणुका, मी आणि दारात आलेली सविता. हॉलच्या मधोमध पीठ जसंच्या तसं होतं. गोल. दोरी धरून आखावं तसं. आणि आपली पावलं त्याच्या दोन्ही बाजूंनी वाकून गेलेली.

"काकू, इथी पयले काही होतं काय?" रेणुकानं विचारलं.

"काही नाई," मी म्हटलं. "कापसाचं वावर होतं."

ते खरंच होतं. पण मी गोलाकडे बघत नव्हते. मी त्याच्या कडेला बघत होते. तिथं एका जागी तुमच्या दोन्ही टाचा खोल रुतल्या होत्या, शेजारी शेजारी, माणूस मागं झुकून ओढतं तेव्हा रुततात तशा. आणि त्यांच्या पुढं माझ्या पावलांची नुसती बोटं उमटली होती, गोलाच्या अगदी काठाला.

तेव्हा मला कळलं की तुम्हाला पडायची भीती नव्हतीच.

जुन्या घराच्या अंगणात आपला आड होता, एका बाजूनं काठ फुटलेला. खारपाणपट्ट्यातलं पाणी, तोंडात धरवत नव्हतं, भांड्याधुण्यापुरतं. माझी पहिली पोर गेली त्या वर्षीची गोष्ट. बारसं व्हायच्या आत गेली, म्हणून तिला नाव नव्हतं, आणि नाव नव्हतं म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. जणू मी नुसतीच जाडी झाले होते आणि बारीक झाले. एका सकाळी बायका वावरात गेल्यावर मी जाऊन त्या फुटक्या काठावर बसले. पाय आत सोडून. मला कपडे धुवायचे नव्हते. बाई, मला जायचं होतं.

तुम्ही कुठून आलात मला माहीत नाही. पाऊल वाजलं नाही. पदर मागं ताणला गेला, एवढं कळलं. मी वळून पाहिलं तर तुम्ही टाचा रोवून उभ्या, पदराचं टोक मुठीत. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणालात, "खाऱ्या पान्यात कायले मरतं वं? मराचंच असन त गोड पान्याची इहीर पाह्य. चाल, भाकरी टाकाच्या हायेत."

आणि मला हसू आलं. त्या काठावर बसून मला हसू आलं, आणि मग रडू आलं, आणि तुम्ही मूठ सोडली नाही. चुलीपर्यंत तशीच नेलीत. त्यानंतर तुम्ही ना दिराला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं, ना सासूला. मलाही कधी आठवण करून दिली नाही. आपण दोघी त्याच आडावर पुढं कितीतरी वर्षं धुणी धुतली, भांडलो, हसलो. फक्त काठाजवळ मी असले की तुम्ही माझ्या आणि काठाच्या मधे बसायच्या. मला वाटायचं, जागेची सवय असेल.

डोक्यातून सगळं गळत गेलं तुमच्या. नवरा, लेक, माझं नाव, स्वतःचं नाव. आणि तळाला हे राहिलं होतं. कोण होते मी तुमच्यासाठी शेवटी शेवटी? कोणीतरी एक बाई, जी आडाकडे जाते आहे आणि जिला जाऊ द्यायचं नाही. मी तुमचा तोल सांभाळते आहे असं अख्ख्या घराला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पिठाच्या दिवसानंतर तरी मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही का? की बाई, मी नाही जात आता तिकडं, सोडा पदर. रेणुका तेच तर म्हणत होती, जे दिसतं ते मान्य करून बोला. पण रेणुका समोर असायची, सविता समोर असायची. आणि एकट्या असलो की माझ्याच्यानं शब्द निघायचा नाही. इतक्या वर्षांत एकदाही जे बोललो नाही ते आता अशा माणसापुढं बोलायचं, जे दुपारी विसरणार. म्हणून मी आपली तेच जुनं भांडण उकरत राहिले, इथं काही नाही बाई, सपाट फरशी आहे. एक मात्र केलं. पदर खोचणं बंद केलं. तुम्ही ओढलंत की मी तुमच्याबरोबर यायचे. आपण हळू वळसा घालायचो, रेणुका मागं पट्टा धरून, आणि पडलो नाही.

तुम्ही पडला नाहीत, बाई. हे मी सगळ्यांना सांगते आहे, लोकांना वाटत असेल म्हातारीला वेड लागलं. थंडीत ताप आला, छाती भरली, आणि सकाळचं ऊन खिडकीतून तुमच्या चुकीच्या बाजूनं आत आलं तेव्हा तुम्ही गेलात. कुशीवर, माझ्याकडे तोंड करून. खुबा शाबूत, पाठीला एक जखम नाही. माझा 'हाव' मी पाळला.

पण मग गजूनं आणि त्याच्या भावबंदांनी तुम्हाला खाटेवरून खाली घेतलं आणि हॉलच्या मधोमध ठेवायला निघाले.

"तिथी नोका ठेवू," मी म्हटलं.

"काऊन काकू?" गजू म्हणाला. हॉलमध्ये दुसरी जागा नव्हती. माणसं येणार, बसणार. मला कारण सांगता येईना. गजूही क्षणभर घुटमळला, मी पाहिलं. मग त्यांनी तुम्हाला त्या गोलावर ठेवलं. इतके दिवस जिथं पाऊल टाकलं नाही तिथं तुम्ही आडव्या झालात, आणि मी भिंतीला धरून कान देऊन बसले होते, कशाचा आवाज येतो ते ऐकत.

तुम्हाला नेलं. बायकांनी जागा पुसली, शेणाचा हात फिरवला, पीठ पसरलं, दिवा ठेवला, टोपलं झाकलं. आम्ही आंघोळी केल्या. मी कपाटातली इस्त्रीची साडी नेसले. मंडळी परत आली, दारात कडुनिंबाचा पाला चावून आत आली. पिंपळगाव राजाच्या आपल्या नणंदबाईंनी टोपलं उचललं.

पीठ सपाट होतं. दिवा नीट जळत होता, आणि पिठावर काही म्हणजे काही नव्हतं. नखाएवढी रेघ नाही.

नणंदबाई खाली बसल्या. "जीव अडकला वं हिचा," म्हणाल्या. "कशात तरी अडकला. गजू, कबूल कर काही." गजू बिचारा हात जोडून एकेक कबूल करत गेला. गाय विकणार नाही. धाकट्या बहिणीला माहेर तोडणार नाही. काकूला अंतर देणार नाही. प्रत्येक कबुलीनंतर टोपलं झाकायचे, उघडायचे. पीठ तसंच. एक म्हातारी पुटपुटली की विसरभोळी बाई, जायचंच विसरली असेल. कोणी हसलं नाही.

मी कोपऱ्यात उभी होते. जीव कशात अडकला आहे हे त्या घरात मला एकटीला माहीत होतं.

शेजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली होती. सगळे बाहेर मांडवात जेवायला उठले. हॉल रिकामा झाला. मी दारापाशी जाऊन उभी राहिले, जिथून आपण रोज निघायचो. टोपलं उघडंच होतं. दिवा मी आधीच उचलून बाजूला ठेवला होता. आणि चालायला लागले, सरळ.

मध्याच्या अलीकडे आले आणि पदर मागं ताणला गेला.

खिळा नव्हता, बाई. खाट केव्हाच बाहेर नेली होती, खुर्च्या भिंतीला होत्या. मी मागं पाहिलं नाही. आडाचा वास येत होता, तो खारट, शेवाळाचा. मी तुमच्याशी बोलते तशी बोलले.

"बाई, मी नाई जात आता आडात. लय दिवस झाले, नाई जात. तुमी धरलं म्हनून राह्यली. मले पोरगा झाला, त्याचं लग्न झालं, मी मास्तरीण झाली. लय जगली मी, बाई. आता सोडा. तुमी जा."

पदर तसाच ताणलेला. मी पाऊल उचललं आणि गोलाच्या आत ठेवलं, पिठावर. खाली गार लागलं, फरशीपेक्षा गार. पण पाय टेकला. खाली फरशी होती. मी दुसरं पाऊल उचललं आणि पलीकडे ठेवलं. तेव्हा पदर सैल पडला आणि माझ्या पाठीवर आपटला.

दिवा जागेवर ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि पाय धुतले. तेवढ्यात सविता पाणी न्यायला आली आणि हॉलमधून तिची हाक ऐकू आली. मग सगळा मांडव आत लोटला. पिठात एक पाऊल होतं, स्पष्ट, पाचही बोटं. "मानसाचं वं," नणंदबाई हात जोडून म्हणाल्या, "मानसाचा जन्म भेटला." गजू लहान पोरासारखा रडला. मी ओले पाय पुसत होते. तुम्ही तर आधीच सांगून ठेवलं होतं की मग उमटणार नाही म्हणून.

संध्याकाळी साडी बदलली. कडक इस्त्रीचा पदर, आणि त्याच्या टोकाला एका जागी घट्ट चुण्या पडलेल्या, मुठीत धरल्यावर पडतात तशा. सविता मागं लागली आहे की काकू, सुतकातली साडी आहे, धुवायला टाका.

देईन म्हटलं आहे. अजून दिली नाही.